गावंडे मॅडमचा दरबार

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, विलायतेच्या राणीचा राज्याभिषेक लंडनमध्ये होतो ही निव्वळ अफवा आहे. तो दर संक्रांतीला अमरावतीत, आमच्या कॉलनीत, गावंडे मॅडमच्या बैठकीत होतो. मी स्वतः तिथे तिळगूळ वाटलेला आहे.

मॅडम मूळच्या बाळापूरकडच्या. कॉलेजात इंग्लंडचा इतिहास शिकवून रिटायर झाल्या, पण तसं इतिहासाला कोणी कळवलंच नाही. विलायतेतल्या राण्या म्हणजे त्यांच्या नात्यातल्याच बाया. एकदा सकाळी फाटकाशी भाजीवाल्या शमीमबींना त्या कळवळून सांगत होत्या, "त्या मेल्यानं पहिलीले सोडलं, आन् दुसरीचं तर मुंडकंच उडवलं वं! पोरगाच पायजे, या हट्टापायी!"

शमीमबींच्या हातून वांगी सुटली. "या अल्ला! कोन्या गल्लीत? पोलिसात गेलं का कोनी?"

खून विलायतेतल्या एका राजाने केलेला, काही शतकांपूर्वीचा आहे हे मी समजावलं. शमीमबींचा राग उतरेना. "तरी बी! मायबाप काय करून राहिले होते तिचे?"

मॅडम इतक्या खूश झाल्या की भाव न करता दोन किलो वांगी घेतली.

बारसं असो की वाटणी, मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला : "गादी कोनाले?" पाडोळे काकूंनी नवा फ्रिज घेतला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. काकूंच्या दोन्ही सुना महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

संक्रांतीला बैठकीच्या मधोमध लाल गादीची आरामखुर्ची येई. मॅडम कितीतरी दिवस शेगडीशी बसून काटेरी हलवा करत, त्याचा मुकुट गुंफत आणि हळदीकुंकवाला आलेल्या नव्या सुनेला खुर्चीत बसवून तो घालत. मग पेपरची सुरळी तोंडाला लावून ललकारी : "बाअदब!" नवऱ्याच्या नावाचा उखाणा त्यांच्याकडे चालत नसे. "त्याचं नाव लग्नपत्रिकेत वाचलं साऱ्यांनी. तुझं सांग!"

मॅडमचं लग्न झालं नव्हतं. हलव्याचे दागिने नव्या नवरीचे; त्यामुळे मुकुट करणारे हात त्यांचे, डोकं दरवर्षी दुसरीचं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली आणि मॅडमच्या वरच्या खोलीत सुनंदा भाड्याने राहायला आली. तरुण पोर, नवरा गेलेला, नांदगाव पेठेत शिलाईच्या कारखान्यात कामाला. मॅडमनी सवयीने विचारलं, "गादी कोनाले?"

"दिराले," सुनंदा म्हणाली. "वावर त्याचं, घर त्याचं. मले ही पिशवी."

त्या संक्रांतीला पाडोळे काकूंची धाकटी सून मुकुटासाठी नटूनथटून आली होती. मॅडम मात्र थेट दाराशी गेल्या. चपलांपाशी अंग चोरून उभ्या असलेल्या सुनंदाचा हात धरला. "चाल. गादीवर."

काकू म्हणाल्या, "अवो मॅडम, हळदीकुंकू आहे हे! तिले कसं चालते?"

"विलायतेत एक राणी नवरा गेल्यावर जन्मभर काळे कपडे घालून गादीवर बसली. उठवलं का कोनी तिले? आन् आज तर तुमी साऱ्याच काळ्या साडीत आल्या!"

आम्ही सगळ्यांनी आपापल्या साड्यांकडे पाहिलं. पहिली फिसकन हसली ती काकूंची धाकटी सून. तिनेच खुर्ची पुढे सरकवली.

मुकुट चढला. "नाव सांग!"

"सुनंदा." मग जरा मोठ्याने, "सुनंदाच!"

ती उठली. दोन्ही हातांनी मुकुट काढला आणि मॅडमच्या पांढऱ्या केसांवर ठेवला. "बसा मॅडम. आता तुमी."

सुरळी खाली पडली. साऱ्या राण्यांची चरित्रं तोंडपाठ असलेल्या मॅडम खुर्चीत बसल्या, डोळे काठोकाठ भरलेले. काटे रुतत असतील म्हणून सुनंदाने घाईने मुकुटाकडे हात नेला.

"टोचते वं!" मॅडम ओरडल्या. "पन काढू नको!"