वाकून केलेलं अपहरण

विमानाचं अपहरण सकाळपासून फसत होतं, आणि दर वेळी चूक अपहरणकर्त्याचीच होती.

अपहरणकर्ता म्हणजे लाफाएले. एरवी तो सामोआतल्या आपिआ शहराच्या बाजारातून गावाकडे बस चालवायचा. ऑकलंडहून आलेल्या रसेल नावाच्या दिग्दर्शकाने त्याचे रुंद खांदे पाहून त्याला आपल्या थरारपटात खलनायक केलं, तेव्हापासून स्वारी हवेत होती. विमानात बसायला उतारू हवेत असं कळल्यावर त्याने उत्साहाच्या भरात आपलंच अख्खं घराणं आणून बसवलं. आपला पराक्रम घरच्यांनी जवळून पाहावा, एवढीच त्याची इच्छा. इथेच त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या विमानात कॅमेरा सुरू झाला. लाफाएले बंदूक घेऊन पडद्याआडून गर्जना करत आला, पहिल्या रांगेतल्या आजोबांपाशी पोहोचताच कमरेत वाकला, बंदूक गुडघ्याखाली नेली आणि हळूच म्हणाला, "तुलोउ."

"कट," रसेल म्हणाला. "पुन्हा काय झालं?"

"माफी मागितली, साहेब. वडीलधारी बसलीत. त्यांच्यासमोरून ताठ कसं जायचं?"

"तू त्यांना ओलीस धरतोयस."

"धरतो ना. पण आधी पलीकडे तर जायला हवं."

पुढच्या खेपेला लाफाएलेने तो शब्द गिळला, पण पाठ वाकायची ती वाकलीच. सामोआत मूल चालायला लागलं की आधी हे वाकणं शिकतं. त्याच्या पाठीला आता डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. शिवाय घाबरायला कुणीच तयार नव्हतं. एका मावशीने नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं अपहरणकर्त्याच्या तोंडात कोंबली आणि सिएनीआत्या म्हणाली, "आवाज खाली घे. म्हाताऱ्या माणसांवर ओरडतोस होय रे?"

सिएनीआत्या म्हणजे घराण्याची प्रमुख. घराण्याची मानाची पदवी तिच्याकडे होती, आणि आईविना वाढलेला लाफाएलेही तिच्याच पदरात होता.

ऊन कलू लागलं तसा रसेलने लाफाएलेला बाजूला घेतलं. "अंधार पडायच्या आत हा शॉट झाला नाही, तर उद्या दुसरा नट बोलावतो. माझा इलाज नाही."

लाफाएलेचं तोंड एवढंसं झालं. ते आत्याने पाहिलं. ती म्हणाली, "अरे, आम्ही बसलोय म्हणून तू वाकतोस ना? मग आम्ही उभे राहतो."

सगळं घराणं हात वर करून उभं राहिलं. लाफाएले आला तो छाती काढून, ताठ, बंदूक रोखून, आणि थेट वैमानिकाच्या दारापर्यंत पोहोचला. रसेलच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लाफाएले गर्रकन वळला आणि पटकथेतली पुढची ओळ गरजला, "सगळे खाली बसा!"

सगळे खाली बसले.

लाफाएले वाकला.

"ओळ बदलू या का, साहेब?" त्याने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"विमानातले उतारू उभ्याने प्रवास करत नाहीत."

"माझ्या बसमध्ये करतात."

आता मात्र रसेलचा तोल गेला. मधल्या वाटेत उभा राहून तो हातवारे करत ओरडू लागला. पैसा, ऊन, विमानाचं भाडं, कशाकशाचा म्हणून उद्धार बाकी ठेवला नाही. बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडणारा माणूस या घराण्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. सिएनीआत्या सावकाश उठली.

"पोरा," ती म्हणाली, "खाली बस."

रसेल मटकन जमिनीवर बसला. कॅमेरावाला बसला. दाराशी छत्री धरून उभी असलेली बाईसुद्धा बसली. रसेल खालूनच आत्याकडे बघत राहिला, आणि त्याला नवा खलनायक सापडलाय हे लाफाएलेच्या लगेच ध्यानात आलं.

"माझ्या भाच्याच्या तोंडचा घास मी घेणार नाही," आत्याने साफ सांगितलं.

लाफाएलेला रडू येत होतं. तरी त्याने बंदूक तिच्यापुढे धरली. "घे आत्या. दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा घरात राहू दे."

"बंदूक कशाला हवी?" आत्या म्हणाली.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला, आणि ती हातात नुसता विणलेला पंखा घेऊन निघाली. रांगेमागून रांग माना खाली घालत गेली. उतारू झालेला लाफाएले शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्यापाशी ती थांबली.

"गेल्या रविवारी चर्चला का नव्हतास?"

ही ओळ पटकथेत नव्हती. लाफाएलेचे ओठ थरथरले, कपाळावर घाम आला.

"त्याचा चेहरा घ्या," रसेल जमिनीवरून पुटपुटला. "आणखी जवळ. अरे, हीच ती भीती."

चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर शेवटी लाफाएलेचाच चेहरा छापला गेला, तोही एकट्याचा. इतकं खरं घाबरणं आजवर पाहिलं नाही, असं लोक म्हणतात. तो मान झुकवून आभार मानतो. त्या रविवारी तो कुठे होता, हे मात्र त्याने आत्याला अजूनही सांगितलेलं नाही.