गोधडीतली थंडी

आमच्या कॉलनीत हिवाळा सुरू झाल्याचं कॅलेंडर पाहून कळत नसे. एका पहाटे मुलांच्या अंगावरच्या गोधड्या एकाएकी नाहीशा होत. मग आम्ही समजत असू की थंडी सुरू झाली आणि गंगूअक्काही सुरू झाल्या.

मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची छोटी कॉलनी होती. कोपऱ्यातलं घर अक्कांचं. म्हणजे बांधलं त्यांच्या मुलाने, पण तो नोकरीला सुरतेला. तिथल्या ब्लॉकमध्ये अक्कांचा जीव घुसमटला, म्हणून त्या इथे एकट्या राहत. साठी उलटलेली, बांधा काटक, नऊवारीचा काचा कायम मारलेला, आणि आवाज असा की माझी स्कूटर जी थंडीत किका मारायला लावून दमवायची, ती बहुधा त्या आवाजानेच सुरू होत असावी.

पहाटे दूधवाल्यासाठी बायका दार उघडत. दूधवाल्याच्या पाठोपाठ अक्का घरात. आईबापांना विचारायची पद्धत नाही. मूल दिसलं की गोधडी ओढायची, घडी करून काखेत मारायची आणि पुढच्या घरी जायचं. मूल कुडकुडत ओरडलं, की अक्कांचं ठरलेलं वाक्य येई, "थंडी बाहेर नही, गोधडीमा शे."

सगळ्या गोधड्या अक्कांच्या गच्चीवर दोरीवर पडत. तिथून त्या सोडवायचा मार्ग एकच. तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पळत जायचं, तिथल्या बोरी हलवून पडतील ती बोरं वेचायची, पळतच परत यायचं आणि अक्कांच्या ओट्यावर रांगेत बसून कळण्याची भाकरी खायची. ज्वारी-उडदाची ती गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, बाजूला वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. आधी भाकरी मागणाऱ्याला उत्तर मिळे, "पहिले पय, मंग भाकर." पय म्हणजे पळ, हे आमच्या पुण्याहून आलेल्या शेजाऱ्यांच्या मुलालाही पहिल्याच दिवशी समजलं.

आमच्या घरात तोवर चहा-बिस्किटाचा नाश्ता होता. अक्कांनी एकदा माझ्या मुलीच्या, मनूच्या कपातलं बिस्किट चिमटीत धरून उचललं. ते मधेच तुटून पडलं. त्या राहिलेल्या तुकड्याकडे पाहून त्या "भिजेल पुठ्ठा" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मनूने बिस्किटाला तोंड लावलं नाही. बायकोने आणलेला आख्खा डबा मला एकट्याला संपवावा लागला.

मी स्वतः गोधडीचा भक्त. अक्का आल्या की मी घोरण्याचं सोंग करून पडत असे. त्या माझ्या पायथ्याशी क्षणभर थांबत आणि माझ्याबद्दलचं मत मोठ्याने सांगून पुढे जात. ते इथे लिहीत नाही. पण कॉलनीतली पोरं त्या हिवाळ्यात खोकली नाहीत आणि गालांवर बोरांचा रंग चढला, हे मलाही नाकारता येत नव्हतं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना चौधरींचे जावई आले.

चौधरी आमच्या भिंतीला भिंत. त्यांची मुलगी उन्हाळ्यात धुळ्याला दिलेली. जावई लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला आलेले. आपल्याकडे जावई म्हणजे काय, हे सांगायला नको. चौधरीकाकू पहाटेपासून पुरणाच्या मांड्यांच्या तयारीला लागल्या होत्या. जावई बाहेरच्या खोलीत माकडटोपी घालून, गोधडी डोक्यावरून ओढून झोपलेले. उंची बेताची. त्यात अक्कांचा चष्मा सकाळी पोथी वाचेपर्यंत देव्हाऱ्यातच असायचा.

अक्कांनी गोधडी ओढली. जावई दचकून उठून बसले. समोर काचा मारलेली बाई, बाहेर आठ-दहा पोरं उभी, आणि हुकूम सुटलेला की पय. त्या भल्या माणसाला वाटलं, ही सासुरवाडीची रीत असेल. नव्या जावयाने रीत मोडायची नसते. ते बनियन-पायजम्यावर पळाले.

पाळीपर्यंत पळाले. बोरी हलवल्या. मधे दमून उभे राहिले तर मागून हाकत येणाऱ्या अक्कांनी त्यांच्या पोटावरून दोन शब्द ऐकवले, तेही मान खाली घालून ऐकले. मग रांगेत बसून दोन भाकरी खाल्ल्या. घाम आला म्हणून माकडटोपी काढली, तेव्हा खाली मिशा आणि विरळ झालेले केस निघाले. अक्का तव्यावरची भाकरी विसरून पाहत राहिल्या.

"तू कोना पोऱ्या शे रे?"

"चौधरींचा जावई," ते तोंडातला घास आवरत म्हणाले.

नंतरचं विचारू नका. काकूंनी डोळ्याला पदर लावला. तिकडे मांडे तयार आणि इकडे जावयाला पोटात जागा नाही. सकाळभर ते गप्प होते. चालताना ओठ दाबून धरत. दुपारच्या एस.टी.ने धुळ्याला निघून गेले. जावई दुखावले, यावर कॉलनीचं एकमत झालं. मुलीच्या संसाराची काळजी म्हटल्यावर कोण काय बोलणार? त्या संध्याकाळी ठरलं, की दूध खिडकीतून घ्यायचं आणि दाराला आतून कडी. अक्कांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. मला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मला हवं तेवढं झोपता येणार होतं. पण झोप लागेना. मनू पहाटेच जागी होई आणि गोधडीत कान टवकारून पडून राही. बाहेर कोणीच ओरडत नसे. चहा-बिस्किटं परत आली, पाठोपाठ खोकलाही आला. अक्कांची गच्ची मोकळी होती आणि अक्का दिसेनाशा झाल्या.

संक्रांतीला जावई पुन्हा मुक्कामाला आले. सकाळी काकू खिडकीतून दूध घेत होत्या, तर जावई पायात कोरे कॅनव्हासचे बूट घालून दाराशी उभे.

"अक्का अजून आल्या नाहीत?" त्यांनी विचारलं.

काकूंनी अडखळत सगळं सांगितलं. जावई कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, मी रागावलो नव्हतो. माझे पाय दुखत होते."

त्यांनी स्वतः कडी काढली. खिडकीतून पाहणारी मनू आमची कडी काढून पळाली, मग एकेक दार उघडत गेलं. मीही शाल गुंडाळून मागे निघालो.

अक्कांचं दार नुसतं लोटलेलं होतं. चूल थंड. खाटेवर अक्का डोक्यावरून गोधडी घेऊन पडलेल्या, हालचाल नाही. कोणी पुढे होईना. मनूने जाऊन दोन्ही हातांनी गोधडी ओढली.

अक्का टक्क जाग्या होत्या. ताप नाही, काही नाही.

मनू त्यांच्याच आवाजात म्हणाली, "थंडी बाहेर नही, गोधडीमा शे."

अक्का उठून बसल्या. मग हळू म्हणाल्या, "एकला मानूसले उठाले कारन लागस, पोरी. तुमना दारं बंद. मंग मी कोनासाठे उठू?"

उभ्या कॉलनीला गोधडीतून ओढून काढणारी ही बाई, आणि हिची गोधडी ओढायला कोणीच नव्हतं. आम्हाला कधी हे सुचलंही नाही.

मनू मात्र गोधडी घेऊन गच्चीवर पोचली होती. पळून आल्याशिवाय मिळणार नाही, असं तिने वरूनच बजावलं. अक्कांनी काचा मारला आणि निघाल्या. मागे जावई, त्यांच्यामागे पोरं, सगळ्यात शेवटी धापा टाकत मी. त्या दिवशी दोरीवर एकच गोधडी होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी नवी रीत पाडली. पाळी लावून एकजण अंधारातच अक्कांकडे जाई आणि त्यांची गोधडी ओढून त्यांना उठवी. मग तो धावत घरी येऊन आपल्या गोधडीत शिरे आणि डोळे घट्ट मिटून घेई. कारण आता अक्का गोधडी ओढायला येणार होत्या.