जोडीची हंडी

इब्राहिम दुलाभाई एकाच मनगटावर दोन घड्याळं बांधत.

दुलाभाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, यजमान. त्यांनीच मला दाभोळच्या खाडीकाठून उचलून दुबईला आणलं आणि एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहायला बसवलं. ही साठीच्या दशकातली दुबई. तेव्हा पाणी गाढवावरून यायचं आणि विजेचे खांब कुठे कुठे उभे राहू लागले होते. अरबांचं घड्याळ सूर्यास्ताला बारा धरून चालायचं, ऑफिसचं साहेबाच्या वेळेने. त्यामुळे दोन घड्याळं बाळगणारे आणखीही दोघे-चौघे होते आणि मीही पहिले काही महिने दुलाभाईंना नुसतं व्यवहारी माणूस समजत होतो.

मग एक दिवस ते काखेत दोन छत्र्या मारून निघालेले दिसले. ज्या गावात वर्षातून चार वेळा पाऊस पडला तर लोक महिनाभर त्याच्याबद्दल बोलतात, त्या गावात!

"दोन कशाला, दुलाभाई?"

"एकटं बरं दिसत नाय, सलीम."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरात दोन किटल्या, दोन आरसे, दोन आडकित्ते. बाजारात मासा घेतला तर जोडीने. एकच घ्यायचा तर दुसऱ्याने काय करायचं, असं ते कोळ्यालाच विचारत. दोन बाजूंना दोन डबे लादून येणारं पाणीवाल्याचं गाढव हा त्यांच्या मते दुबईतला सर्वांत समजूतदार प्राणी होता. त्यांची लेक नूरी, वय वर्षे दहा, नव्या शाळेत नवं इंग्रजी शिकत होती. ती बिचारी रोज विचारायची, "व्हाय टू, अब्बा?" आणि अब्बा खूश होऊन तिच्या हातावर दोन खजूर ठेवायचे.

आमच्याच कंपनीच्या गोडाऊनचे ते स्टोअरकीपर. बोटीवरचे लोक बल्ब, वायसर, दोरखंड न्यायला यायचे. एक बल्ब मागणाऱ्याला दुलाभाई दोन देत. साहेबाने एकदा बोलावून जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, वन मॅन वन बल्ब, ही कम्स बॅक. टू बल्ब, खलास." साहेबाने विचार केला आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

पण हा उदारपणा जुनी वस्तू समोर आल्यानंतरचा. तुटलेला, जळलेला तुकडा आणल्याशिवाय त्यांच्याकडून खिळाही सुटायचा नाही. कोणी तोंडाने वर्णन करू लागला की ते नुसता तळहात पुढे करत. "सॅम्पल?" एका इंजिनिअरने स्क्रूचं सुंदर चित्र काढून आणलं होतं. दुलाभाईंनी ते कौतुकाने पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "मग नवा स्क्रूपण चित्रातच बसवा, साहेब."

तपकिरीच्या डब्याही अर्थात दोन. एक दिवसातून पन्नास वेळा उघडायची. दुसरी कोटाच्या आतल्या खिशात असे आणि ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणाले, "तीपण तपकीरच. हिला सोबत." मला पटलं. त्यांच्याबाबतीत काहीही पटायचं.

घरात एकच गोष्ट मात्र एकटी होती. बैठकीच्या खोलीत, छताच्या चंदलच्या, म्हणजे खारफुटीच्या लाकडाच्या, वाशांना दोन हूक मारले होते. एकाला हिरव्या काचेची हंडी टांगलेली. तळाशी लोलक, काठाला सोन्याची बारीक रेघ. दुसरा हूक रिकामा.

ही हंडी त्यांच्या माँची. दुलाभाईंचे वडील बोटीवर खलाशी होते. त्यांनी ती व्हेनिसहून आणली. माँ प्रत्येक पाहुण्याला तीच गोष्ट सांगायची. "हिची जोडीदारीण पुढच्या खेपेला आणतो म्हणाला. पुढच्या खेपेला गेला तो गेला." तांबड्या समुद्रात ताप येऊन ते वारले, तिथेच पाण्यात सोडले, आणि गावी आला तो कंपनीचा कागद. दुलाभाई तेव्हा सात वर्षांचे. माँ दुबईला आली ती हंडी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. रोज दिवस मावळला की मगरिबच्या नमाजानंतर ती हंडीत वात लावायची आणि तिच्याकडे बघत बसायची.

म्हणजे हे सगळं जोडीचं वेड त्या रिकाम्या हुकातून आलेलं, हे मला कळायला हवं होतं. पण मला चेष्टा करायला जास्त आवडायचं.

मग माँला वात धूसर दिसायला लागली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आहे ती नजर जपा, म्हणाले, गेलेली परत येणार नाही; वर्षभर दिसेल, फार तर दीड. दुलाभाई घरी आले, रिकाम्या हुकाखाली थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "माँच्या डोळ्यांसमोर जोडी लागली पायजे. यल्ला, तयारी करा. व्हेनिस!"

कंपनीच्या मालवाहू बोटीवर चार केबिनी असत. दुलाभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबाकडे काही मागितलं आणि सवलतीत जागा मिळाली. बाहेर मात्र सांगितलं, सहलीला चाललो. दुबईतल्या सगळ्या कोकणी मंडळींना हसायला विषय झाला. खाडीकाठी जन्मलेली, खाडीकाठी नोकरी करणारी माणसं रजा काढून कुठे चालली, तर खाडी बघायला!

माँ, दुलाभाई, आपा, नूरी आणि दुभाषा म्हणून मी. झाले पाच. आली का पंचाईत? माँची जोडी नूरीशी, आपाची दुलाभाईंशी, मी उरलो. बोटीवर चढेपर्यंत ते मला लग्न न केल्याबद्दल बोलत होते. शेवटी त्यांनी सुकट, तांदूळ आणि लोणच्याने भरलेली एक अगडबंब ट्रंक माझ्या ताब्यात दिली. "ही तुझी जोडी. हिला सोडू नको." व्हेनिसच्या निम्म्या पुलांवर मी त्या ट्रंकेसह चढलो-उतरलो आहे.

तेव्हा दुबईला धक्का नव्हता. मोठी बोट बाहेर समुद्रात नांगरायची. लाँचमधून माँला खुर्चीत बसवून दोरीने वर घेतलं. तिने तेवढ्यात नूरीलाही मांडीवर ओढून घेतलं, कारण एकटीने हवेत लटकायची तिची तयारी नव्हती.

तांबड्या समुद्रात शिरलो त्या संध्याकाळी माँ कठड्याशी उभी राहिली. नवऱ्याच्या नावाने फातेहा म्हटला. दुलाभाई शेजारी उभे होते.

व्हेनिस दुलाभाईंना निम्मं पसंत पडलं. मोठ्या चौकाच्या तोंडाशी दोन खांब आहेत, ते आवडले. घड्याळाच्या मनोऱ्यावर दोन पुतळे घंटेवर टोले देतात, ते फारच आवडले. पण शेजारचा उंच मनोरा एकटाच उभा आहे हे पाहून ते हळहळले. आणि गोंडोला पाहिला तेव्हा तर त्यांचा तोलच गेला.

"एकच वल्हं? सलीम, विचार त्याला, दुसरं कुठं हरवलं?"

मी इंग्रजीत विचारलं. नावाडी इटालियनमध्ये गायला लागला. दुलाभाई उभे राहून त्याला हातवारे करून वल्हवायला शिकवू लागले, नाव डुलली, आपा ओरडली. माँ मात्र खाडीची माणूस, ती मांडी घालून निवांत बसलेली. दोन्ही काठांकडे बघून म्हणाली, "आपली खाडीच ही. मेल्यांनी घरं तेवढी पाण्यात नेऊन बांधली."

सहल म्हणायची ती एवढीच. बाकी सगळा वेळ काचेच्या दुकानांत. मी बोलायचो: हिरवी, हाताएवढी उंच, खाली लोलक. दुकानदार दहा हिरव्या हंड्या काढून दाखवायचा. कच्च्या कैरीच्या, पोपटाच्या, बाटलीच्या रंगाच्या. माँ एकेक डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि मान हलवायची. दुलाभाईंचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे जायचा आणि परत यायचा. दोनदा त्यांनी "मी जरा एकटाच चक्कर मारून येतो" असं म्हणून पाहिलं. ज्या माणसाला एकटं काहीच बरं दिसत नसे, त्याने! पण माँ लगेच चपला घालायची. "मी येणार. हंडी माझी, मीच ओळखणार."

बोट परवा सुटायची होती. शेवटी कोणीतरी आम्हाला मुरानो बेटावर पाठवलं, जिथे ही काच घडवतात. भट्टीसमोर एक म्हातारा कारागीर बसला होता. त्याच्या सुनेला इंग्रजी येत होतं. मी माझं पाठ झालेलं वर्णन सुरू केलं, हिरवी, हाताएवढी... म्हाताऱ्याने कंटाळून मान फिरवली आणि दुलाभाईंच्या पुढे तळहात पसरला.

अगदी तस्सा, जसा दुलाभाई गोडाऊनमध्ये पसरतात.

वीस वर्षांची सवय! दुलाभाईंचा हात आपसूक आतल्या खिशात गेला. दुसरी डबी निघाली, उघडली, आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या तळहातावर एक काचेचा तुकडा ठेवला. हिरवा, अंगठ्याच्या नखाएवढा, कडेला सोन्याची बारीक रेघ.

आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं. हात तसाच हवेत राहिला.

"अरे, हा तर हंडीचाच तुकडा!" मी ओरडलो. "पण आपली हंडी घरी अख्खी आहे!" नको ते मोठ्याने बोलायची माझी खोड जुनी आहे. आपाने मला चिमटा काढला.

"बघू," माँ म्हणाली.

म्हाताऱ्याला भाषा कळत नव्हती, पण तो तुकडा कोणाचा हे बरोबर कळलं. त्याने तो माँच्या हातात दिला. माँने डोळ्यांजवळ नेला नाही. नुसता अंगठा त्या रेघेवरून फिरवला.

"कुठं मिळाला तुला?"

"न्हाणीच्या मागं. राखेत."

"कधी?"

"त्याच दिवशी, माँ. कागद आला त्या दिवशी."

मग माँ बोलली. आमच्यापैकी कोणाकडे न बघता.

"दोन्ही एकाच खेपेला आणल्या होत्या त्यानं. कागद आला, मी एक काढली न् दगडावर घातली. दुसरीला हात लावला, तर नाय झालं माझ्याच्यानं. मग लोक विचारायला लागले, दुसरी कुठाय? काय सांगू? म्हटलं, यायचीय अजून." तिने अंगठा पुन्हा त्या रेघेवर ठेवला. "सांगून सांगून मीपण वाट बघायला लागले रे."

दुलाभाई खाली तिच्या पायाशी बसले. पंचेचाळिशीचा माणूस, पण बसले ते सात वर्षांच्या पोरासारखे.

"तुला ठाऊक होतं, तर बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"दुसरी येणार म्हणायचीस ना, तेव्हा तुझा चेहरा बरा दिसायचा, माँ."

माँने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. नूरी त्या दिवशी "व्हाय" म्हणाली नाही. मी ट्रंकेवर बसून डोळे पुसले, सांगायला लाज कसली?

म्हाताऱ्याने माँकडून तुकडा परत घेतला, उजेडात धरून पाहिला आणि सुनेला काही सांगितलं. हा रंग आम्ही करतो, ती म्हणाली, उद्या संध्याकाळी मिळेल. मग म्हाताऱ्याने दोन बोटं वर केली. इथे लोक जोडीच घेतात, सून म्हणाली, जोडीच करायची ना?

असा प्रश्न विचारणारा माणूस दुलाभाई जन्मभर शोधत असणार. ते आता त्याला मिठी मारतात की काय, म्हणून मी बघत राहिलो. त्यांनी माँकडे पाहिलं आणि एकच बोट वर केलं.

"वन," ते म्हणाले. "ओन्ली वन. एक घरी हाय."

त्या माणसाने एकच वस्तू मागितलेली मी तेवढीच पाहिली. केलेल्या सगळ्या चेष्टा मला त्या बोटाकडे बघताना आठवल्या.

दुसऱ्या हुकाला हंडी लागली. माँने दोन्ही वाती सात-आठ महिने डोळ्यांनी पाहिल्या. नंतर दिसेनासं झालं, तरी मगरिब झाली की ती विचारायची, "लागल्या का दोन्ही?"

"बोथ, दादी," नूरी सांगायची.

तेवढं कानावर पडेपर्यंत दुलाभाई दारात थांबायचे. मग आत येऊन दोन्ही घड्याळं सोडायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि तपकिरीची डबी काढायचे. ती आता एकच होती. दुसरी माँच्या उशाखाली असायची.