एकशे ब्याण्णव संस्थापक

तामसीच्या धोंडीबांनी काढलेल्या कापूस कास्तकार पक्षाला यंदा पंचवीस वर्षं झाली. पक्षाने जन्मात एकच निवडणूक लढवली, तेलंगणा व्हायच्या आधी, मंडळाची, म्हणजे तिथल्या तालुका पंचायतीची. उमेदवार धोंडीबाच आणि पडलेही तेच. "गाव माह्यासंग होतं, बाहेरच्यायनं पाडलं," असं ते तेव्हापासून सांगत आलेले. डोळे मिटायच्या आत हे छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून पक्षाचा इतिहास लिहायचं काम त्यांनी पुतण्याच्या, नागसेन मास्तरच्या गळ्यात घातलं.

नागसेनने इमानेइतबारे लिहिलं, संस्थापक पाच. मग छापखान्यात निघाला आणि आदिलाबादच्या बसमध्ये कागद उघडून बसला. चूक इथेच झाली.

"मास्तर, आमचं नाव काऊन नाई?" मागच्या सीटवरून वामनराव डोकावले. "पह्यली बैठक आमच्याच ओट्यावर झाली ना!"

नागसेनने नाव घातलं.

"अन् त्या बैठकीले चहा कोनं केला?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. "बिनचहाचा पक्ष निंगते का कुटी?"

तेही घातलं. रोज याच बसने शाळेत जाणाऱ्या मास्तरला नाही म्हणायची सोय नव्हती. आदिलाबाद येईपर्यंत संस्थापक चाळीस झाले. छापखाना नेमका बंद निघाला, त्यामुळे परतीच्या बसमध्येही नावं वाढली. मग लोक घरी येऊ लागले. आकडा एकशे ब्याण्णववर थांबला.

यादी पाहून धोंडीबांना आभाळ ठेंगणं झालं. "पाह्य, गाव संग होतं का नाई?"

वर्धापनदिनी त्यांनी स्वतःच इतिहास वाचायला घेतला. नावानावाला टाळ्या पडल्या. शेवटच्या पानावर नागसेनने निकालाच्या जुन्या कागदावरून उतरवलेली ओळ होती: 'गावातून मिळालेली मतं, एकोणचाळीस.'

टाळ्या थांबल्या. वामनराव छताकडे पाहू लागले. म्हाताऱ्याने चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. त्यांचा पडलेला चेहरा नागसेनला बघवेना.

"जाऊ द्या," धोंडीबा हळूच म्हणाले. "त्यातलं एक तं घरचं हाये."

पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने, चंद्रभागाबाईंनी, पदर सारखा केला. "मी बी नोतं देल्लं."

"तू बी? काऊन?"

"निवडून आले असते तं घरी कवा दिसले असते तुमी?"

पंचवीस वर्षं भाषणं ठोकणारे धोंडीबा भर सभेत, या वयात, चक्क लाजले.