पाटी नंबर तीन

होणारे व्याही घरात येऊन अजून नीट टेकलेही नव्हते, तोच त्यांनी विचारले, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?"

प्रश्न हेडक्लार्कांच्या वर्मी लागला. नोकरीभर त्यांनी घर ते ऑफिस एवढेच गाव पाहिले होते. व्याही पडले निवृत्त प्राध्यापक. मुलामुलीने एकमेकांना केव्हाच पसंत केले होते. पण तारीख काढायला बसले की प्राध्यापक संस्कृतीवर बोलू लागत आणि तारीख राहून जाई. आता 'या गावाला संस्कृतीच नाही' असे त्यांनी ठरवले, तर सोयरीकच हातची जायची.

"आहे ना! पालिकेनं नवीन सहल सुरू केलीय," हेडक्लार्क म्हणाले. "गाइडची भानगड नाही. पाटीसमोर उभं राहायचं, फोनवर तिचा नंबर दाबायचा, की कानात इतिहास!"

योजना खरोखर उत्तम होती. फक्त पाट्या ठोकणाऱ्या ठेकेदाराने नकाशा उलटा धरल्यामुळे प्रत्येक पाटी रस्त्याच्या भलत्याच बाजूला बसली होती. उद्घाटनाला अख्खी पालिका लोटली होती, पण सहल कोणीच केली नव्हती.

मुलामुलीला घरी ठेवून दोन्ही जोडपी निघाली. पहिली पाटी वीजबिलाच्या कचेरीवर होती. कानात धीरगंभीर आवाज घुमला, "हे शहरातील जुने नाट्यगृह. येथील करुण प्रसंगांनी भलेभले रडले."

"अहो, हे तर बिल भरायचं ऑफिस!" हेडक्लार्कांची पत्नी कुजबुजली.

"आत्ता ऑफिस! पूर्वी नाट्यगृह असेल. पालिका खोटं बोलेल का?" हेडक्लार्क म्हणाले.

तेवढ्यात एक गृहस्थ बिल हातात धरून डोळे पुसत बाहेर आले.

"वा! परंपरा टिकवलीय," प्राध्यापक गहिवरले. खरे नाट्यगृह त्यांच्या पाठीमागे उभे होते. पण त्याच्यावर पाटी नव्हती, मग कोण वळून पाहणार?

दुसरी पाटी पोलीस चौकीवर. "येथे संगीताचे थोर गुरू राहत. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तोही त्यांच्या हाताखाली गाऊ लागे."

प्राध्यापकांनी दारातल्या हवालदाराला वाकून नमस्कार केला. इतक्या आदराने आजवर कोणीच न वागल्यामुळे हवालदाराला संशय आला आणि त्याने चौघांची कसून चौकशी केली.

तिसरी पाटी दातांच्या दवाखान्यावर. "ही मूर्तिकाराची कार्यशाळा. हत्यारांचा आवाज आजही घुमतो." आतून खरेच घर्रर्र आवाज येत होता. "त्यांचे आसन आत आहे. जरूर बसून पाहा."

"अहो, दवाखाना दिसतोय," विहीणबाई म्हणाल्या.

"तुला वरवरचंच दिसणार! दृष्टी लागते त्याला," म्हणत प्राध्यापक आत शिरले.

"नंबर?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

"तीन."

"जा आत. डॉक्टर वाटच बघताहेत."

खरा तीन नंबर तो आवाज ऐकून मघाशीच पळाला होता. प्राध्यापक भक्तिभावाने आसनावर टेकले.

"उजवीकडची ना?" डॉक्टरांनी विचारले.

नेमका कानातला आवाज म्हणत होता, "उजवीकडे मूर्तिकाराचे सर्वोत्तम काम दिसेल."

"उजवीकडचीच! सर्वोत्तम!" प्राध्यापक म्हणाले आणि मूर्तिकलेवर बोलायला त्यांनी तोंड उघडले. डॉक्टरांना तेवढेच हवे होते. उजवीकडची एक दाढ खिळखिळी झालीच होती. सुई टोचली गेली आणि आयुष्यात प्रथमच प्राध्यापकांना उघड्या तोंडाने दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागले.

"तासभर कापूस घट्ट दाबून धरा," डॉक्टरांनी बजावले. "एक शब्द बोलायचा नाही."

सुजलेला गाल पाहून हेडक्लार्क मनात म्हणाले, मोडलं लग्न! घरी पोहोचेपर्यंत त्यांनी शंभरदा माफी मागितली. प्राध्यापक नुसते हात नाचवत होते.

घरी चहा झाला. कोणीच बोलेना. एवढी शांतता विहीणबाईंनी संसारात कधी ऐकली नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले आणि पदर खोचला.

"मग? तारखेचं बोलायचं का?"

"अं! अं अं!" प्राध्यापक उसळले.

"हो म्हणताहेत," विहीणबाई म्हणाल्या.

तारीख ठरली. पाहुणे किती बोलवायचे ते ठरले. लग्नात कोणीही भाषण करायचे नाही, हेही ठरले. त्यावर प्राध्यापकांचे 'अं अं' फारच वाढले, तेव्हा तो ठराव एकमताने मंजूर धरण्यात आला.

तास भरताच प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकून कापूस काढला आणि घसा खाकरला. विहीणबाईंनी शांतपणे पर्स उघडली.

"हा घ्या दुसरा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडून जास्तीचाच मागून घेतलाय. अजून हॉलचं ठरायचंय."