परातेकाकांचा कान

महाल भागातल्या आमच्या गल्लीत एखादा म्हातारा गटाराच्या लोखंडी झाकणाला कान लावून आडवा पडलेला दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी परातेकाका. मागे चार स्कूटरवाले हॉर्न वाजवत असतात आणि काका हातोडीनं झाकणावर टकटक करत असतात. "थांब गा! कायची घाई आहे? लोखंड बोलून राहिलं!"

खापरखेड्याच्या वीज केंद्रात काकांचा उभा जन्म यंत्रांवर हातोडी वाजवून भेगा शोधण्यात गेला. नोकरी संपली, हातोडी सुटली नाही. बागेतल्या बाकड्यावरसुद्धा ते आधी ठोकून मगच टेकतात. त्यांचा खरा राग बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर. "साधं लोखंड वाकते, सांगते तरी. बीड नाही सांगत. रोज थोडं थोडं दाबलं का अंदरून थकते, अन् एक दिवस कट्टकन जाते."

एकदा आमच्याकडे आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि बिडाच्या तव्यावर ठोकलं. बद्द आवाज आला. "वहिनी, हा थकला. भंगारात द्या. थकल्या लोखंडाची माया नाही करा लागत."

बायको माहेरचा तवा भंगारात देते होय! तिनं काकांनाच मोडीत काढलं. चौथ्या दिवशी तव्याचे दोन तुकडे झाले, धिरड्यासकट. तेव्हापासून काका आले की ती खलबत्तासुद्धा लपवते.

गेल्या महिन्यात दुपारी पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर आतून शिलाई मशीनचा आवाज. मी चपापलो. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तीस वर्षं त्या मशीनवर त्यांनी गल्लीभरचे ब्लाउज शिवले होते.

पाहतो तर काका मशीन चालवत होते. सुईत दोरा नव्हता.

मला बसवून ते पाणी आणायला आत गेले. हातोडी तिथंच पडली होती. गंमत म्हणून मी मशीनच्या बिडाच्या पायडलवर ठोकलं. बद्द. वाकून पाहिलं, तर डाव्या कडेला केसाएवढी भेग.

काका पेला घेऊन दारात उभे होते. तो आवाज त्यांच्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं.

"खणखणीत आहे न, मास्तर?"

मी हातोडी होती तिथं ठेवली.

"खणखणीत," मी म्हणालो.

"मंग!" म्हणत ते पुन्हा मशीनवर बसले. डावा पाय वर उचलून धरला, आणि एकट्या उजव्या पायानं हळूहळू पायडल दाबायला लागले.