मोडक्या पंखाची पदवी

एका जंगलात, मुलांनो, अभिनय शिकवायचे कॉलेज निघाले. तीन वर्षांचे, आणि शेवटी पदवी. त्याआधी त्या जंगलात सोंगे होत नव्हती असे नाही. सरडा रंग बदलायचा, साप मेल्यासारखा पडून राहायचा, आणि सिंह तर रोज सकाळी हरणांच्या तब्येतीची चौकशी करायचा. पण हे सगळे घरीच शिकलेले. शास्त्रशुद्ध असे कुणाचेच नव्हते.

जंगलाच्या कडेला माळावर कुमुद नावाची टिटवी आपल्या आईबरोबर राहायची. टिटवीचे घरटे तुम्ही पाहिले आहे का? नसेलच, कारण ते नसतेच मुळी. खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी ठेवली, की झाले घर. मग कोल्हा आला की टिटवी काय करते? अंड्यांपासून लांब जाते आणि पंख मोडल्यासारखी जमिनीवर फडफडत पडते. कोल्ह्याला वाटते, आयतीच मिळाली. तो मागे लागतो. ती लंगडत, कळवळत त्याला पार ओढ्यापलीकडे नेते आणि भुर्रकन उडून जाते. कोल्हा राहतो तिथे आणि अंडी राहतात इथे.

कुमुदची आई यात पटाईत होती. आणि कुमुद तर असा पंख लोळवायची, की खुद्द आईच्याही काळजात धस्स व्हायचे.

एकदा कॉलेजातले बगळे सर माळावरून चालले होते. हे सर नदीत एका पायावर डोळे मिटून तासन्‌तास उभे राहत. उरलेले मासे त्याला ढोंग म्हणत. सरांना ते फार लागायचे. "मी खरोखरच ध्यान करतो," ते सांगत. "मधे मासा येतो, हा त्याचा प्रश्न आहे."

सरांनी कुमुदचा पंख पाहिला आणि मान हलवली.

"पोरीत आहे," ते आईला म्हणाले. "पण शिक्षण नाही."

"कोल्हा फसतो की हो, सर."

"कोल्हा फसणं हा निकष नाही, बाई. कोल्हा काय, कशालाही फसतो."

निकष म्हणजे काय हे आईला कळले नाही. पण आपल्या सात पिढ्यांत नदीपलीकडे कुणी शिकायला गेले नव्हते. पोरगी शिकेल, चारचौघांत बोलायला लागेल, म्हणून तिने कुमुदला पाठवली.

कॉलेजात एक नियम फार चांगला होता. आवारात कुणी कुणाला खायचे नाही. त्यामुळे ससा, लांडगा, कोंबडी, मुंगूस असे सगळे एका ओळीत बसत. सुट्टीची घंटा झाली की मात्र ससे सगळ्यांत आधी निघत. कुमुदच्या शेजारी शिवराम नावाचा कोल्हा बसायचा. सडपातळ, डोळ्यांत विचार असलेला. त्याला नट व्हायचे होते. जंगलातला प्रत्येक कोल्हा लबाड म्हणूनच ओळखला जातो, याचे त्याला मनापासून वाईट वाटायचे.

पहिल्या वर्षी, जे येते ते विसरायला शिकवले. कुमुदला बरेच येत होते, त्यामुळे तिला फार कष्ट पडले. दुसऱ्या वर्षी श्वास शिकवला. तोवर ती आपली आपण घेत होती. तिसऱ्या वर्षी सर एकच प्रश्न विचारायचे. कुणी चोच उघडली, शेपूट हलवली, जांभई दिली, तरी सर विचारायचे, "यामागची प्रेरणा काय?"

एका माकडाने खाज म्हणून सांगितले. त्याला वर्षभर पुन्हा बसवले.

शेवटच्या परीक्षेत कुमुदने जखमी टिटवी केली. जीव ओतून केली. सरांनी बराच वेळ डोळे मिटले.

"पंख मोडलाय हे दिसलं," ते म्हणाले. "पण मोडण्याआधी तो पंख सुखी होता का, ते दिसलं नाही."

तिला दुसरा वर्ग मिळाला. ती घरी आली तेव्हा आईने माळावरच्या सगळ्या तित्तिरांना बोलावून पदवी दाखवली. कुमुदला मात्र त्या दिवशी रडू येत होते, आणि हे रडू खरे की शिकलेले, हेही तिला नीट कळत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात आईने अंडी घातली. आणि तेव्हाच एका वावटळीत बाभळीची फांदी आईच्या अंगावर पडून तिचा पंख मोडला. खरोखरचा मोडला.

आता तुम्ही म्हणाल, मग तर सोपेच झाले. नाही हो मुलांनो! मोडक्या पंखाचे सोंग करायला धडधाकट पंख लागतो. शेवटी उडायचे असते ना. ज्याचा खरोखर मोडला, त्याने नुसते बसून राहायचे आणि वाट पाहायची.

वाट फार पाहावी लागली नाही. एका सकाळी गवत हलले आणि कोल्हा आला. पोट खपाटीला गेलेले, जीभ बाहेर.

"कुमे, जा!" आई पुटपुटली. "पंख टाक!"

"थांब आई. अंग मोकळं करू दे."

"अगं, तो आला!"

"तयारीशिवाय मंचावर जायचं नसतं," असे म्हणून कुमुदने मान गोल फिरवली, चोच सैल केली, पोटातून श्वास घेतला आणि आयुष्यातली एक दुःखद आठवण शोधली. दुसरा वर्ग सापडला. मग ती पंख ओढत बाहेर आली.

कोल्हा मागे लागला नाही. तो खाली बसला. पुढचे पाय एकावर एक ठेवून त्याने सगळे नीट पाहिले.

"कुमुद ना तू?" तो म्हणाला.

तो शिवराम होता. कुमुदचा पंख तसाच पडून राहिला.

"चांगलं करतेस," शिवराम म्हणाला. "पण मोडलाय डावा पंख आणि लंगडतेस उजव्या पायानं. का?"

"ती भूमिकेतल्या टिटवीची जुनी जखम आहे," कुमुद चिडून म्हणाली.

"प्रेक्षकाला कसं कळणार?"

"प्रेक्षकानं थोडा विचार करावा."

"करतोय की. म्हणून तर तुझ्यामागे आलो नाही." शिवराम उठला. "हे बघ, आपण सविस्तर बोलू. पण आधी मी जेवतो." आणि तो सरळ आईच्या दिशेने निघाला.

कुमुद भ्याली, मुलांनो, अगदी अडाण्यासारखी भ्याली. आईने डोळे मिटून सगळा देह अंड्यांवर पसरला होता. कुमुदला ओरडायचे होते. पण लहानपणीची किंकाळी तिला पहिल्याच वर्षी विसरायला लावली होती, आणि नवी अजून पक्की बसली नव्हती. तिने चोच उघडली, आणि तीन वर्षे कानावर पडलेले तेवढेच बाहेर आले.

"यामागची प्रेरणा काय?"

शिवराम एक पाय उचलून तसाच थांबला.

"भूक," तो म्हणाला.

"भूक?" कुमुदला स्वतःच्या आवाजात बगळे सर ऐकू आले. "हे तर माकडासारखं उत्तर झालं. कोल्ह्याला भूक लागते हे सगळ्यांना माहीत आहे. शिवरामला काय लागतं?"

शिवरामचा चेहरा पडला. त्याने पाय खाली ठेवला. थोड्या वेळाने त्याने नाइलाजाने एक झडप घालून दाखवली.

"तुझी शेपटी आधीच सांगते," कुमुद म्हणाली. आता तिला त्यात खरेच रस वाटू लागला होता. "पुन्हा कर. आणि इतक्या जवळून कशाला? प्रवेश म्हणून काही असतो की नाही? त्या दगडापासून ये."

तो दगडापासून आला. तिला पटले नाही. मग तो बाभळीपासून आला. मग ओढ्यापासून. कुमुद त्याच्याबरोबर मागे मागे जात सूचना देत होती. "लबाड दिसतोस! मला लबाड कोल्हा नकोय, मला एकटा कोल्हा हवाय!"

हे ऐकून शिवरामच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे त्याला हे कुणी म्हटले नव्हते.

"शाबास, कुमे!" माळावरून आई आनंदाने ओरडली.

"आई, मधे बोलू नकोस!" कुमुद कावली. "तालीम चालू आहे!"

तालीम टेकडीपलीकडे गेली आणि तिथेच राहिली. अंडी फुटली, पिल्ले निघाली, आपल्या पायांनी चालूही लागली. शिवराम अजून प्रवेशच बसवत होता. मधल्या वेळेत तो बोरे खायचा. वाळला खूप, पण सांगायचा की भूमिकेला ते बरेच आहे.

"असलं सोंग मी जन्मात पाहिलं नाही गं," आई कुमुदला म्हणाली.

"कसलं सोंग?" कुमुदने विचारले.

आईच्या काय ते ध्यानात आले. मग ती, पंख जरा बरा होताच, चालत नदीवर गेली.

"सर, यंदा कोल्हे किती घेणार?"

"दोघंच," बगळे सर म्हणाले. "जागा तेवढ्याच आहेत."

"आणि लांडगे?"

"एखादा. आवाज चांगला असेल तर."

"जागा वाढवा हो, सर," आई कळवळून म्हणाली. "तरस आहे, मुंगूस आहे, घोरपड आहे. किती गुणी पोरं! नुसती मोकाट हिंडतायत माळावर. सगळ्यांना घ्या. हवं तर परीक्षेत नापास करून पुन्हा पुन्हा बसवा, पण घ्या."

सरांनी चोचीतला मासा घाईघाईने गिळला. त्यांना भरून आले होते. कलेची इतकी तळमळ असलेली पालक ते पहिल्यांदाच पाहत होते.

तात्पर्य : कला शिकून पोट भरत नाही, असे कुणी म्हणाले तर वाद घालू नका, मुलांनो. ज्यांचे पोट तुम्हाला खाऊन भरणार असेल, त्यांना आधी कॉलेजात घाला.